सुपर बोल किती वेळ चालतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगचा, म्हणजे एनएफएलचा, अंतिम सामना म्हणजे सुपर बोल. तो फेब्रुवारीत होतो आणि जानेवारी सरत आला की त्याच्या वेळेविषयीचे तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. कोणाला पहाटेचा गजर लावायचा असतो, कोणाला रेकॉर्डिंग, तर न्यू जर्सीतल्या कोणाला घरी बोलावलेल्या पाहुण्यांचे जेवण केव्हा वाढायचे ते ठरवायचे असते. सर्वांत जास्त वेळा आलेले प्रश्न खाली एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात येत असेल तेथे पुनरुक्ती न करता त्या प्रश्नाकडे निर्देश केला आहे.

सुपर बोलचा सामना एकूण किती वेळ चालतो?

किकऑफपासून (खेळ सुरू करण्यासाठी चेंडूला मारलेल्या लाथेपासून) शेवटच्या शिट्टीपर्यंत साडेतीन ते चार तास. बहुतेक सामने पावणेचार तासांच्या आत आटोपतात. जादा वेळ खेळावा लागला किंवा काही विघ्न आले, तर चार तासांची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. ज्यांना एकच आकडा हवा आहे त्यांनी चार तास राखून ठेवावेत.

घड्याळ तर साठच मिनिटांचे असते. मग बाकीचा वेळ जातो कुठे?

पंधरा मिनिटांचा एक, असे चार क्वार्टर मिळून साठ मिनिटे होतात, हे खरे. पण हे घड्याळ उलटे मोजत जाते आणि वारंवार थांबते. फेकलेला चेंडू कोणी झेलला नाही, तर ते थांबते. चेंडूचा ताबा एका संघाकडून दुसऱ्याकडे गेला, गुण झाला, पंचांनी दंड जाहीर केला, एखादा खेळाडू जखमी झाला किंवा संघाने टाइमआउट (मागून घेतलेला छोटा थांबा) घेतला, तरी थांबते. प्रत्येक संघाला प्रत्येक अर्धात तीन टाइमआउट मिळतात, म्हणजे दोन्ही संघांचे मिळून बारा. टचडाउननंतर (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेल्यावर मिळणाऱ्या सहा गुणांनंतर) जो अतिरिक्त गुणाचा प्रयत्न होतो, त्या वेळी तर घड्याळ चालूच नसते.

याउलट चेंडू घेऊन धावणारा खेळाडू मैदानाच्या आत पाडला गेला, तर खेळ थांबलेला असूनही घड्याळ चालत राहते. पुढचा डाव (येथे डाव म्हणजे चेंडू खेळात आल्यापासून खेळ थांबेपर्यंतची एक चाल) सुरू करण्यासाठी संघाला साधारणपणे ४० सेकंद मिळतात आणि दरम्यान खेळाडू कोंडाळे करून पुढची चाल ठरवतात. त्यामुळे सामन्याची लांबी संघांच्या शैलीवरही अवलंबून असते. दोन्ही संघ चेंडू हातात घेऊन धावण्यावर भर देणारे असतील तर सामना भराभर पुढे सरकतो. दोघेही फेकाफेकीचे असतील आणि अर्धे फेक वाया जात असतील, तर तोच सामना रेंगाळतो. किती गुण झाले यापेक्षा किती फेक जमिनीवर पडले, यावरून सामन्याच्या लांबीचा अंदाज चांगला येतो, असे आमचे मत आहे.

भारतात सामना किती वाजता सुरू होतो आणि केव्हा संपतो?

किकऑफची जाहीर वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी संध्याकाळी साडेसहा ही असते. फेब्रुवारीत तेथील आणि भारतीय वेळेत साडेदहा तासांचा फरक असल्याने आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाटेची पाच वाजण्याची वेळ होते. प्रत्यक्ष चेंडू पाच-दहा मिनिटे उशिरा मारला जातो. पहिला अर्ध साडेसहाच्या पुढे संपतो, मध्यंतराचा कार्यक्रम पावणेसात ते सातच्या सुमारास सुरू होतो आणि निकाल साडेआठ ते नऊच्या दरम्यान लागतो. सोमवार कामाचा असल्याने शेवटचा क्वार्टर नेमका लोकलच्या गर्दीत येतो. ज्यांना शेवट चुकवायचा नाही त्यांनी कचेरीत उशिरा येण्याची परवानगी आधीच घेऊन ठेवावी, एवढेच सुचवता येईल.

एक खबरदारी घ्यावी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लीगचे सामने पाहणाऱ्यांना साडेनऊ तासांच्या फरकाची सवय झालेली असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे तासभर मागे जातात आणि फरक एका तासाने वाढतो, त्यामुळे जुन्या सवयीने गजर लावल्यास तो तासभर आधी वाजतो.

अमेरिकेतल्या इतर भागांत हीच वेळ कशी पडते?

शिकागो किंवा डॅलसमध्ये साडेपाच वाजलेले असतात आणि कॅलिफोर्नियात दुपारचे साडेतीन. सामना कोणत्याही शहरात असला तरी वेळ पूर्व किनाऱ्याच्या हिशेबानेच ठरते. त्यामुळे बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या, मंडळींचा सामना संध्याकाळी साडेसातपर्यंत संपून रात्रीचे जेवण निवांत होते, तर न्यू जर्सीतल्या मंडळींच्या घरी पाहुणे साडेदहापर्यंत बसलेले असतात आणि मुलांची दुसऱ्या दिवशीची शाळा आठवून घाई सुरू होते. पूर्वेकडच्यांनी जेवण मध्यंतरात, म्हणजे आठ-सव्वाआठच्या पुढे वाढावे, हे उत्तम.

वाहिनीवर दुपारपासूनच सुपर बोल दाखवत असतात. मग सामना नक्की कधी?

दुपारपासून जे चालते ते सामन्यापूर्वीचे कार्यक्रम: मुलाखती, जुने प्रसंग, तज्ज्ञांच्या चर्चा. ते कित्येक तास चालतात आणि त्यांपैकी काहीही चुकले तरी सामना समजायला अडचण येत नाही. खरा सोहळा किकऑफच्या आधीच्या अर्ध्या तासात असतो. त्यात संघ मैदानात येतात, राष्ट्रगीत होते आणि नाणेफेक होते. राष्ट्रगीत साधारण दोन मिनिटांचे असते, पण गायक किंवा गायिका ते किती लांबवणार यावरही अमेरिकेत पैजा लागतात.

लीगमधला साधा सामना तीन-सव्वातीन तासांत संपतो. अंतिम सामन्यालाच जास्त वेळ का?

नियम तेच, क्वार्टर तेच आणि घड्याळही तेच. फरकाचा मोठा वाटा मध्यंतराचा आहे. त्याविषयी पुढच्या प्रश्नात लिहिले आहे. उरलेला फरक जाहिरातींचा आणि काही अंशी सावधपणाचा. एवढ्या मोठ्या सामन्यात प्रशिक्षक टाइमआउट जपून आणि विचार करून वापरतात, आणि पंचही वादाचा निर्णय पुन्हा पाहिल्याशिवाय पुढे जात नाहीत.

मध्यंतर किती वेळाचे असते आणि गाण्यांचा कार्यक्रम किती मिनिटे चालतो?

साध्या सामन्यात मध्यंतर १३ मिनिटांचे असते. सुपर बोलमध्ये ते २५ ते ३० मिनिटांपर्यंत जाते. त्यातला गाण्यांचा कार्यक्रम मात्र १२ ते १५ मिनिटांचाच असतो. बाकीचा वेळ रंगमंच आणण्यात आणि परत नेण्यात जातो. रंगमंच चाकांवर बसवलेल्या तुकड्यांमध्ये आधीच तयार असतो. पहिला अर्ध संपताच शेकडो माणसे ते तुकडे ढकलत मैदानावर आणतात, एकमेकांना जोडतात, तारा लावतात, आणि कार्यक्रम संपताच तितक्याच वेगाने सगळे सोडवून बाहेर काढतात. खालची हिरवळ खराब होऊ नये याचीही काळजी घ्यावी लागते, कारण त्याच हिरवळीवर लगेच सामना खेळायचा असतो. टीव्हीवर त्या वेळी जाहिराती आणि चर्चा चालू असल्याने हे काम सहसा दिसत नाही. स्टेडियममध्ये बसलेल्या प्रेक्षकाला मात्र ते गाण्यांइतकेच पाहण्यासारखे वाटते.

सुरुवातीच्या काळात मध्यंतरात विद्यापीठांची बँडपथके वाजवत असत. १९९२ साली दुसऱ्या वाहिनीने नेमक्या मध्यंतराच्या वेळी विनोदी कार्यक्रमाचा खास भाग दाखवून मोठा प्रेक्षकवर्ग ओढून नेला. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, पॅसाडेनाच्या रोझ बोल मैदानावर मायकल जॅक्सनला बोलावले गेले आणि तेव्हापासून मध्यंतर हा स्वतंत्र आकर्षणाचा भाग झाला. खेळाडूंच्या दृष्टीने ही लांबलेली विश्रांती गैरसोयीची असते. अंग थंड पडते, म्हणून अनेक संघ सरावाच्या काळातच एवढ्या लांब मध्यंतराची तालीम करतात.

जाहिरातींसाठी खेळ मुद्दाम थांबवतात का?

दोन्ही प्रकार होतात. ताबा बदलला, गुण झाला किंवा संघाने टाइमआउट घेतला, की आपोआप जाहिरात लागते. पण प्रत्येक क्वार्टरमध्ये ठराविक ब्रेक व्हायलाच हवेत असा करार असल्याने, नैसर्गिक थांबे कमी पडले तर पंच पुढच्या सोयीच्या थांब्यावर खेळ रोखून धरतात. मैदानाच्या कडेला वाहिनीचा समन्वयक उभा असतो आणि त्याचा इशारा मिळेपर्यंत पंच खेळ सुरू करत नाहीत. स्टेडियममध्ये खेळाडू हात कमरेवर ठेवून उगाच उभे दिसतात ते याच कारणाने. २०१७ पासून लीगने ब्रेकची संख्या कमी केली, पण प्रत्येक ब्रेक लांबवला, त्यामुळे व्यत्यय कमी वाटतो इतकेच. २०२५ च्या सुपर बोलमध्ये तीस सेकंदांच्या जाहिरातीचा दर ८० लाख डॉलरपर्यंत गेला होता, हे लक्षात घेता ब्रेक आणखी कमी होतील अशी आशा करणे व्यर्थ आहे.

जाहिरातीपुढे खेळाला थांबावे लागल्याचे सर्वांत जुने उदाहरण पहिल्याच सामन्यातले आहे. १५ जानेवारी १९६७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ग्रीन बे पॅकर्स आणि कॅन्सस सिटी चीफ्स यांच्यातला सामना दोन वाहिन्या एकाच वेळी दाखवत होत्या. दुसऱ्या अर्धाचा किकऑफ झाला तेव्हा त्यांपैकी एक वाहिनी मैदानावर परतलीच नव्हती. पंचांनी तो किकऑफ रद्द करून पुन्हा करायला लावला.

चेंडू प्रत्यक्ष खेळात किती वेळ असतो?

२०१० साली वॉल स्ट्रीट जर्नलने लीगच्या सामन्यांचे मोजमाप केले, तेव्हा हा आकडा सुमारे ११ मिनिटे निघाला. एक डाव चार ते सात सेकंदांत संपतो, त्यामुळे त्यात नवल नाही. मात्र उरलेला वेळ वाया गेला असे म्हणणे या खेळावर अन्याय करणारे आहे. दोन डावांमधल्या त्या अर्ध्या मिनिटात प्रशिक्षक चाल निवडतो, बचाव करणारा संघ माणसे बदलतो, आणि जाणकार प्रेक्षक पुढे काय होणार याचा अंदाज बांधतो. कसोटी क्रिकेट पाहत मोठ्या झालेल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

टीव्हीवर 'दोन मिनिटे शिल्लक' दिसते आणि तरी सामना पंधरा मिनिटे चालतो. असे कसे?

प्रत्येक अर्धाची शेवटची दोन मिनिटे उरली की खेळ सक्तीने थांबवला जातो. त्याला टू मिनिट वॉर्निंग म्हणतात आणि तेथे जाहिरातींचा ब्रेक हमखास असतो. त्यानंतर मागे पडलेला संघ घड्याळ थांबवण्याची प्रत्येक युक्ती वापरतो.

एक नमुना पाहा. घड्याळात १ मिनिट ५० सेकंद आहेत. चेंडू फेकला जातो, झेलणारा खेळाडू सीमारेषेबाहेर पाऊल टाकतो: घड्याळातून ७ सेकंद गेले, आणि ते थांबले. सामन्याच्या सुरुवातीला असे झाले असते तर पंचांच्या इशाऱ्याबरोबर घड्याळ पुन्हा चालू झाले असते. पण पहिल्या अर्धाच्या शेवटच्या दोन आणि दुसऱ्या अर्धाच्या शेवटच्या पाच मिनिटांत ते पुढचा डाव सुरू होईपर्यंत थांबूनच राहते. पुढचा फेक जमिनीवर पडतो: ५ सेकंद, पुन्हा थांबले. तिसरा मैदानाच्या आत झेलला जातो आणि खेळाडू पाडला जातो. आता घड्याळ चालू आहे, म्हणून संघ टाइमआउट घेतो आणि वाहिनी जाहिरातीला जाते. टाइमआउट संपले असतील तर क्वार्टरबॅक (चाल सुरू करणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू) चेंडू हाती येताच तो मुद्दाम जमिनीवर आपटतो, की घड्याळ थांबते. त्यातच एखादा झेल संशयास्पद ठरला, तर शेवटच्या दोन मिनिटांत त्याची फेरतपासणी प्रशिक्षकाने मागावी लागत नाही, रीप्ले पंच स्वतःच ती सुरू करतात. अशा रीतीने ११० सेकंदांना दहा ते पंधरा मिनिटे सहज लागतात.

कधीकधी घड्याळातून एकदम दहा सेकंद कमी केले जातात. ते का?

शेवटच्या दोन मिनिटांत चेंडूचा ताबा असलेल्या संघाने चूक करून चालू घड्याळ थांबवले, तर त्याला त्या चुकीचा फायदा मिळू नये म्हणून दहा सेकंद वजा केले जातात. टाइमआउट शिल्लक असेल तर तो खर्चून संघ ही वजावट टाळू शकतो. घड्याळात दहापेक्षा कमी सेकंद उरले असतील आणि टाइमआउटही नसेल, तर अशा वजावटीने सामना तेथेच संपतो.

घड्याळ शून्यावर आले म्हणजे सामना संपला, असे समजावे का?

नेहमी नाही. चालू असलेला डाव शून्यानंतरही पूर्ण होतो. शिवाय त्या शेवटच्या डावात बचाव करणाऱ्या संघाने नियमभंग केला आणि दुसऱ्या संघाने दंड स्वीकारला, तर घड्याळात वेळ नसतानाही आणखी एक डाव खेळवला जातो. शून्य पाहून टीव्ही बंद करणाऱ्यांनी पंचांची घोषणा होईपर्यंत थांबावे.

साठ मिनिटांनंतर बरोबरी झाली तर किती वेळ वाढतो?

सुपर बोल बरोबरीत सुटत नाही. पुन्हा नाणेफेक होते आणि पंधरा मिनिटांच्या जादा वेळाचा खेळ सुरू होतो. अशी वेळ आजवर दोनदाच आली आहे.

पहिली ५ फेब्रुवारी २०१७ ला ह्यूस्टनमध्ये. न्यू इंग्लंड पॅट्रियट्स ३-२८ असे मागे होते, त्यांनी २८-२८ अशी बरोबरी साधली, जादा वेळात पहिला ताबा मिळताच टचडाउन केला आणि अटलांटा फाल्कन्सला चेंडू हाती न येताच सामना ३४-२८ असा संपला. तेव्हाच्या नियमाने पहिल्याच ताब्यातला टचडाउन निर्णायक होता, म्हणून जादा वेळ चार मिनिटेही चालला नाही. बाद फेरीतल्या सामन्यांसाठी हा नियम २०२२ मध्ये बदलला. आता पहिल्या संघाने टचडाउन केला तरी दुसऱ्या संघाला एकदा चेंडू मिळतोच. दोघांना एकेक ताबा मिळूनही बरोबरी राहिली, तर त्यानंतर जो आधी गुण करील तो जिंकतो.

११ फेब्रुवारी २०२४ ला लास व्हेगासमध्ये नवा नियम सुपर बोलमध्ये प्रथम कामी आला. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळवलेले तीन गुण) करून २२-१९ अशी आघाडी घेतली, त्यावर कॅन्सस सिटी चीफ्सने ७५ यार्डांची चाल पूर्ण करून २५-२२ असा विजय मिळवला. तेव्हा जादा वेळाच्या घड्याळात फक्त तीन सेकंद उरले होते. प्रेक्षकाच्या हिशेबाने जादा वेळ पंधरा-वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत कितीही वाढू शकतो.

जादा वेळाची पंधरा मिनिटेही संपली तर?

पुढची पंधरा मिनिटे सुरू होतात, आणि निकाल लागेपर्यंत हेच चालते. २०२४ मध्ये ते तीन सेकंद संपले असते तर चीफ्स हरले असते, असा अनेकांचा समज झाला होता. तो चुकीचा आहे. पहिला क्वार्टर संपल्यावर जसे संघ बाजू बदलून होते तेथून खेळ पुढे चालू ठेवतात, तसेच येथेही झाले असते. लीगच्या इतिहासातला सर्वांत लांब सामना २५ डिसेंबर १९७१ चा, मायामी डॉल्फिन्स आणि चीफ्स यांच्यातला बाद फेरीचा. तो ८२ मिनिटे ४० सेकंदांच्या खेळानंतर, दुसऱ्या जादा वेळात संपला.

आजवरचा सर्वांत लांबलेला सुपर बोल कोणता?

घड्याळावरच्या खेळाचा विचार केल्यास वर सांगितलेला २०२४ चा सामना, कारण त्यात ७४ मिनिटे ५७ सेकंद खेळ झाला. किकऑफपासून शेवटपर्यंत प्रेक्षकाने काढलेला वेळ मोजल्यास मात्र ३ फेब्रुवारी २०१३ चा न्यू ऑर्लिन्समधला सामना पुढे आहे. तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच सुपरडोममधले अर्धे दिवे गेले आणि खेळ ३४ मिनिटे थांबला. बॉल्टिमोर रेव्हन्स २८-६ असे पुढे होते. दिवे आल्यावर फोर्टीनाइनर्सनी जोरदार पाठलाग केला आणि सामना ३४-३१ असा अटीतटीचा झाला. एकूण वेळ ४ तास १४ मिनिटे. मध्यंतरातल्या बियॉन्सेच्या कार्यक्रमाने दिवे घालवले अशी आवई तेव्हा उठली होती, पण त्या कार्यक्रमाची वीज स्वतंत्र जनरेटरवरून घेतली होती. दोष वीजपुरवठ्यातल्या एका रिले उपकरणाचा निघाला.

पावसामुळे सामना लांबतो का?

पावसाने नाही. २००७ चा मायामीतला सुपर बोल भर पावसात खेळला गेला आणि कोणी थांबले नाही. आकाशात विजा चमकू लागल्या तर मात्र मैदान रिकामे करावे लागते आणि शेवटच्या विजेनंतर निदान अर्धा तास वाट पाहावी लागते. अनेक सुपर बोल छप्पर असलेल्या स्टेडियममध्ये होतात, म्हणून ही वेळ अजून आलेली नाही.

रीप्ले पाहण्यात किती वेळ जातो?

 थांबणे, सल्लामसलत, निर्णयाची घोषणा आणि घड्याळाची दुरुस्ती धरून प्रत्येक तपासणीला दोन-तीन मिनिटे जातात.

रेकॉर्डिंग किती वेळाचे लावावे?

कार्यक्रमपत्रिकेतल्या वेळेपेक्षा किमान दीड तास अधिक. पत्रिकेतली वेळ अंदाजे असते आणि जादा वेळ झाला तर नेमका निर्णायक भाग रेकॉर्डिंगबाहेर राहतो. करंडक प्रदानाचा सोहळा पाहायचा असेल तर सामना संपल्यावर आणखी अर्धा तास धरावा. व्हिन्स लोम्बार्डी करंडक देण्यासाठी मैदानातच मंच उभारावा लागतो.

थेट पाहणाऱ्यांना ही चिंता नाही, आणि त्यामागे जुना धडा आहे. १७ नोव्हेंबर १९६८ ला न्यू यॉर्क जेट्स आणि ओकलंड रेडर्स यांच्या सामन्यात ६५ सेकंद उरलेले असताना, सात वाजले म्हणून वाहिनीने सामना बंद करून मुलांचा चित्रपट सुरू केला. त्या ६५ सेकंदांत रेडर्सने दोन टचडाउन करून सामना जिंकला. तक्रारींचा इतका भडिमार झाला की वाहिनीचा टेलिफोन बोर्डच कोलमडला. तेव्हापासून सामना संपेपर्यंत दाखवणे हा दंडक झाला.

विश्वचषक फुटबॉलच्या अंतिम सामन्याशी तुलना केली तर?

तो बराच लवकर संपतो. ४५-४५ मिनिटे, मधली विश्रांती आणि भरपाईचा वेळ मिळून साधारण दोन तास. अतिरिक्त अर्धा तास आणि पेनल्टी झाल्या तर जवळजवळ तीन तास, जसे १८ डिसेंबर २०२२ ला अर्जेंटिना-फ्रान्स सामन्यात झाले. म्हणजे विश्वचषकाचा लांबलेला अंतिम सामनाही सुपर बोलच्या साध्या सामन्यापेक्षा छोटाच.

सामना एकतर्फी झाला तर लवकर संपवतात का?

नाही. १९९० साली फोर्टीनाइनर्सनी डेन्व्हर ब्रॉन्कोसला ५५-१० असे हरवले, तरी साठ मिनिटे पूर्ण खेळली गेली. मात्र आघाडीवरचा संघ शेवटी घड्याळ संपवण्याचाच खेळ खेळतो. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन गुडघा टेकतो, डाव तेथेच संपतो आणि घड्याळ चालत राहते. समोरच्या संघाकडे टाइमआउट नसतील तर अशा प्रत्येक डावाने सुमारे ४० सेकंद निघून जातात आणि शेवटची दोन मिनिटे खरोखरच दोन मिनिटांत संपतात.